अवसेची ट्रॉली

सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बुधवारी घरी घेऊन जा. रोज थोडं थोडं चालवा. जिना मात्र तीन महिने बंद."

आमचं रो-हाऊस. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली. वर दोन खोल्या, त्यांतली एक सासूबाईंची. म्हणजे त्यांची सोय खालच्या खोलीत करायची. यात अवघड काहीच नव्हतं, फक्त त्या खोलीत जागा नव्हती.

घर बांधल्यापासून बारा वर्षं सासूबाई ती खोली भरत होत्या. दार अर्धंच उघडायचं. उघडलं की समोर तांब्याचा बंब, त्याच्या डोक्यावर केबल आल्यावर गच्चीवरून उतरवलेला टीव्हीचा अँटेना, शेजारी पायाने चालवायचं शिलाई मशीन, आणि त्यामागे काय आहे ते फक्त सासूबाईंना ठाऊक. बांधकामातून उरलेल्या विटा आणि शहाबादी फरशीचे तुकडेसुद्धा त्यांनी आत रचून घेतले होते. कधी लागतील सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नवऱ्याने सुचवलं, "हॉलमध्येच पलंग टाकू की."

हॉस्पिटलच्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मला बघून जायचं? मी काय प्रदर्शनात मांडलेली आहे? मी खालच्या खोलीतच झोपेन. आणि माझी एक वस्तू टाकायची नाही."

या दोन वाक्यांचा एकमेकींशी मेळ कसा घालायचा, हे त्यांनी आमच्यावर सोडलं. मी मनातल्या मनात दुसरं वाक्य रद्द करून टाकलं. खोली रिकामी व्हायला हवी होती, एवढंच मला समजत होतं.

तेव्हा नाशकात घंटागाडी नवीनच सुरू झाली होती. मी गाडीवरच्या माणसाला दोन गाद्या आणि विटांबद्दल विचारलं. तो म्हणाला, "ताई, ते सगळं भरलं तर आम्ही घंटा डोक्यावर घेऊन चालायचं का?" भंगारवाला आला, आत डोकावला, चार लोखंडी पत्रे उचलले आणि बाकीच्या ढिगाला लांबूनच नमस्कार करून गेला. टेम्पोवाले विटा म्हटल्या की फोन ठेवत.

शेवटी पिंपळगाव बसवंतकडच्या एका शेतकऱ्याची आठवण झाली. ते दरवर्षी आम्हाला द्राक्षांची पेटी आणून देत. त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता, ट्रॉलीही होती. पण उन्हाळ कांद्याचा हंगाम चालू होता. अशा दिवसांत ट्रॉली मागणं म्हणजे लग्नघरातून मांडव मागण्यासारखं. तरी मी फोन लावला.

"बुधवारी पायजे? बुधवारी अवस हाय, ताई," ते म्हणाले. "अवसेला मार्केट बंद ऱ्हातं, लिलाव नसतो. ट्रॉली मोकळीच हाय. सकाळी आणून लावतो. ट्रॅक्टरचं जरा गॅरेजला काम हाय, तेवढं करून पाचला घेऊन जातो. इटा-फरशा मला रस्त्याच्या खड्ड्यांत चालतील, बाकीचा कचरा पालिकेच्या खत डेपोवर उतरवतो. पण एकच खेप. बेस्तवारी पहाटं कांदा भरायचा हाय."

बुधवारी अमावस्या आहे हे सासूबाईंनाही कुणीतरी सांगितलंच. त्यांनी लगेच डिस्चार्ज नाकारला. "चांदवडला माझ्या माहेरी अवसेला कुणी दुखणाईत माणूस हलवत नाहीत. मी गुरुवारी येईन."

डॉक्टर वैतागले, मी मात्र मनापासून खूश झाले. मला अख्खा एक दिवस मिळाला होता. मी रजा टाकली.

बुधवारी सकाळी आठला ट्रॉली आमच्या आणि समोरच्यांच्या दारांच्या मधोमध उभी राहिली. शेतकऱ्याने चाकांना दगड लावले, ट्रॅक्टर सोडवला आणि ते गॅरेजला गेले. मी साडी खोचली. आधी विटा, मग फरश्या, मग उंदरांनी अर्ध्या खाल्लेल्या गाद्या आणि कुजलेली बारदानं. अकराच्या सुमारास नवरा डबा घेऊन हॉस्पिटलला निघाला, आणि जाता जाता हाताला लागलेलं एक गाठोडं त्याने ट्रॉलीवर भिरकावलं. ते वरच सुटलं.

त्यात काळी बाहुली होती. घराचं बांधकाम चालू असताना दृष्ट लागू नये म्हणून परांचीला उलटी टांगतात, ती. शिवाय लाल फडक्यातला एक सुकून खुळखुळणारा नारळ. सासूबाईंनी दोन्ही जपून ठेवलं होतं. आता ती बाहुली गाद्यांच्या ढिगावर उताणी पडून समोरच्यांच्या खिडकीकडे बघत होती. मी पुढचं खोकं घेऊन बाहेर आले तेव्हा समोरच्या बाई फाटकात उभ्या होत्या. त्या शाळेत गणित शिकवत.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"खोली रिकामी करतेय. उद्या आई येतात ना."

"ते ठीक आहे हो. पण आज अमावस्या. घरात आजारपण. आणि तुम्ही आजारी माणसाच्या वस्तू बाहुली-नारळासकट आमच्या दारासमोर आणून ठेवल्यात." त्यांनी आवाज खाली आणला. "मी मानत नाही. पण मुलाचं बारावीचं वर्ष आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंना तो उतारा वाटत होता. आमच्या घरातली पीडा आम्ही त्यांच्या दारात ओतून मोकळे होतोय, असं.

"अहो, हा कचरा आहे."

"कळतं मला. तरी ट्रॉली थोडी पुढे घ्या."

"कशी घेऊ? ट्रॅक्टर गॅरेजमध्ये आहे. आणि पुढे घेतली तर ती कोपऱ्यापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या दारातच येईल."

कोपऱ्यावरचे गृहस्थ तोवर येऊन ठेपलेच होते. "आमच्याकडे अजिबात नको," ते म्हणाले. "सुनेला सातवा महिना आहे." तीन घरं पलीकडच्या वहिनीही आल्या. त्याही मानत नव्हत्या. त्यांच्या नवऱ्याची बदली व्हायची होती, एवढंच. गल्लीत मानणारं कुणीच नव्हतं आणि ट्रॉली कुणालाच दारात नको होती. मी एक खोकं बाहेर आणलं की तिघं मिळून त्यात काय आहे ते तपासत. अर्ध्या तासात एवढी तीन खोकी निघाली. घड्याळ पुढे जात होतं.

मी बाहुली खाली घेतली, पिशवीत घातली. उपयोग झाला नाही. एकदा पाहिलेली बाहुली पिशवीतून जास्तच दिसते.

मग मी जे बोलले ते मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं. "उतारा एका घराचा असतो, बरोबर? मग तुम्ही सगळ्यांनी आपापल्या घरातली एकेक निरुपयोगी वस्तू यात टाका. दहा घरांचं मिळून कुणी उतारा काढतं का? तो आपोआप कचराच झाला."

समोरच्या बाईंनी क्षणभर विचार केला. गणिताच्या दृष्टीने त्यांना ते पटलं असावं. त्या आत गेल्या आणि पातं तुटलेला टेबल फॅन घेऊन आल्या. पाठोपाठ कोपऱ्यावरच्यांनी एक मोडकं स्टूल आणलं. बदलीवाल्या वहिनी म्हणाल्या, "एकच टाकायची का? दोन चालतील?"

"दोन टाका," मी उदारपणे म्हणाले आणि आत गेले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पोळी-भाजी खाल्ली, अर्धा तास पाठ टेकली.

बाहेर आले तर गल्लीत जत्रा भरलेली. माणसं माळ्यांवर चढली होती. तडकलेली बेसिनं, गळक्या बादल्या, फुटक्या कुंड्या, खिडकीची गंजलेली जाळी, कुणाचा तरी पडून राहिलेला कमोड. मागच्या गल्लीतलेही दोघं आले होते. "इथे फुकट ट्रॉली लागलीय ना?" त्यांनी मलाच विचारलं. समोरच्या बाई बारा वर्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकावर एक रचत होत्या आणि फार प्रसन्न दिसत होत्या.

"बाई, ट्रॉली भरली!" मी ओरडले.

"हो ना! नाही तरी कधी होणार होतं हे? तुमच्यामुळे झालं बघा."

दोन वाजता नवरा परत आला. शिगोशिग भरलेल्या ट्रॉलीला त्याने एक फेरी मारली. "अगं, एकटीने केवढं उरकलंस!"

"यातलं आपलं तळाला आहे," मी म्हणाले. "आत जाऊन बघ."

तो आत जाऊन आला आणि पायरीवर बसला. बंब, मशीन, ट्रंका, पाळणा, सगळं जागच्या जागी होतं. सासूबाई उद्या दुपारी येणार आणि पलंग टाकायला दारापाशी फार तर दोन फूट मोकळे.

पाचला शेतकरी आले. ट्रॉलीकडे बघून त्यांनी टोपी मागे सरकवली. "ताई, एक खोली म्हणलं व्हतं. ही तर सोसायटी हाय!"

"अजून एक खेप होईल का हो, भाऊ?"

"नाय जमायचं. उद्या मार्केट उघडलं की लय गर्दी. आज रातीच मला ट्रॉली धुवून ठेवायची हाय. कांद्यात काच निघाली तर व्यापारी मला उभा करील का?"

ट्रॅक्टर जोडला गेला. दहा घरांची अडगळ घेऊन ट्रॉली वळणावरून दिसेनाशी झाली. सगळी गल्ली तिला निरोप द्यायला उभी होती आणि हात झटकत होती. त्या झटकलेल्या हातांकडे बघताना मला पुढचं सुचलं.

"बाई," मी समोर जाऊन म्हणाले, "तुमचा माळा रिकामा झाला ना?"

"अगदी स्वच्छ!"

"मग आमचा बंब ठेवा."

त्यांचा चेहरा उतरला. मी थांबले नाही. "आमची ट्रॉली तुम्ही भरलीत, आता तुमच्याकडे आमचं सामान. उद्या दुपारच्या आत आईंना झोपायला जागा झाली पाहिजे. आणि अमावस्येचं म्हणाल तर ही चालू वस्तू आहे, कचरा नाही."

कुणाला नाही म्हणता येईना, कारण प्रत्येकाच्या हाताला अजून धूळ लागलेली होती. बंब समोर गेला. बदलीवाल्या वहिनींनी पाळणा आणि दोन ट्रंका घेतल्या. कोपऱ्यावरच्यांनी शिलाई मशीन नेलं. सुनेला टाके घालायला होईल, असं वर म्हणाले. दिवेलागणीपर्यंत खोली रिकामी झाली. फरशीचा रंग हिरवा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

गुरुवारी सासूबाई आल्या. खुर्चीतून त्यांना आत नेलं. त्यांनी चारी भिंती बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं.

"माझं सामान?"

"सगळं आहे, आई."

"कुठे?"

"गल्लीत."

त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. पुढचे चार दिवस वॉकरला त्यांनी हात लावला नाही. चालायला सांगितलं की चक्कर यायची, पाय दुखायचा, मळमळायचं. डॉक्टरांनी फोनवर बजावलं, "आता चालल्या नाहीत तर कायमच्या खाटेवर पडतील." नवऱ्याने विनवण्या केल्या. मी रागावून पाहिलं. काही फरक पडला नाही. त्या चार दिवसांत मात्र मला खरंच भीती वाटली.

पाचव्या दिवशी समोरच्या बाई भेटायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "तुमचा बंब काय सुंदर आहे हो! मी चिंचेने घासून घेतला. हॉलमध्ये ठेवलाय, मोरपिसं लावून."

"मोरपिसं?" सासूबाई उठून बसल्या. "माझ्या बंबात?"

बाई गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. "ते वॉकर आण."

समोरच्या दारापर्यंत जायला त्यांना वीस मिनिटं लागली. मी शेजारून चालत होते, पण त्या मला धरू देत नव्हत्या. बंब पाहिला, आतून हात फिरवला, मोरपिसं काढून बाईंच्या हातात दिली आणि परत आल्या. चक्कर आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकांची चौकशी केली. बदलीवाल्या वहिनींचं घर आणखी तीन दारं पुढे. तिथे ट्रंकेवर टीव्ही ठेवलेला सापडला. त्यांनी तो आपल्यासमोर उतरवायला लावला. कोपऱ्यापर्यंत पोहोचायला पंधरा दिवस लागले. मशीनला तेल घातलंय का ते पाहायचं होतं. पुढे त्या दिवसातून दोनदा फेरी काढू लागल्या. वॉकर सुटला, काठी आली. वस्तू एकेक करून परत यायला लागल्या. मी विरोध केला नाही. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "व्यायाम कोण करून घेतं?" मी म्हणाले, "शेजारी."

चौथा महिना लागला होता. एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर वरच्या खिडकीतून हाक आली. मान वर केली. सासूबाई आपल्या जुन्या खोलीत उभ्या होत्या, काठी गजाला टेकवून.

"आई, जिना कशाला चढलात?"

"मग काय करू? खाली झोपायला जागा कुठे आहे? मशीन पलंगावर ठेवलंय."