वाचलेली मेल

आज सकाळी आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मल्लेश्वरमच्या दुकानात बसतो. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला घरून काम करते. आम्ही कॉलेजांना प्रयोगशाळेचं काचसामान पुरवतो. दुकानाची मेल माझ्या लॅपटॉपवरही येते. त्याने एखादी उघडली की माझ्याकडेही ती वाचलेली दिसते.

वडिलांच्या काळापासूनच्या एका कॉलेजने मागच्या आठवड्यात दर विचारले होते. आज त्यांचा फोन आला. उत्तर मिळालं नाही म्हणून ऑर्डर दुसरीकडे दिली, म्हणाले. बाकीची गिऱ्हाइकं वर्षाला बीकरचं एखादं खोकं नेणारी आहेत.

मी अण्णाला फोन लावला.

"मी नुसती उघडून पाहिली. दर तूच कळवतेस ना?"

"तू उघडलेली दिसली. मला वाटलं, कळवलेसही."

"विचारायचंस."

"तूही विचारायचंस."

तो कानडीत "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाला.

घरचा धंदा असलेल्यांनो, मेलला उत्तर कुणी द्यायचं हे तुम्ही कधी ठरवलंत? आम्ही आज दुपारी ठरवलं. जो उघडेल, त्याने द्यायचं. त्यानंतर मी चार वेळा पाहिलं. एकही मेल आलेली नाही.