साळवे, कुलकर्णी आणि यशयाचं ड्रॉइंग

निवृत्त माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, औषधाच्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या बायको अधूनमधून फेकून देते. किस्से मात्र कुणी फेकू देत नाही. चार जण जमले की "ते साळवे-कुलकर्णींचं सांगा हो" म्हणून मागे लागतात. मीही हसत सांगायला बसतो.

बंगलोरला मोजमापाची उपकरणं बनवणारा एक सरकारी कारखाना होता. पन्नासच्या दशकात आम्ही काही मराठी माणसं तिथे इन्स्पेक्शनला लागलो. कॅन्टीनमधलं खिडकीजवळचं टेबल आमचं. कुलकर्णी पुण्याचे, आमचे चीफ. देव, ज्योतिष, नवस, सगळ्याला हसणारा माणूस. हुक्केरी अण्णा बेळगावकडचा, मराठी आणि कन्नड एकाच घासात बोलायचा. आणि साळवे नगरचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. त्यांची बायको नगरला शाळेत शिकवायची, त्यामुळे हे इथे खोली घेऊन एकटे. चर्चमध्ये जावं तर तिथे तमिळ नाहीतर इंग्रजी. एकदा मला म्हणाले, "दिवसात मराठी बोलतो ती या टेबलावर. हे टेबल नसतं तर मी मुका झालो असतो हो!"

चौथा मी. मला ना देवाचं पडलं होतं ना वादाचं. पोळी शांतपणे खायला मिळावी एवढीच इच्छा होती, आणि तीच कधी पुरी झाली नाही!

* * *

सुरुवात एका नाताळात झाली. साळव्यांनी करंज्या आणल्या होत्या. खाता खाता सहज म्हणाले, "येशूचा जन्म बेथलेहेमला होणार हे मीखा संदेष्ट्यानं सातशे वर्षं आधी लिहून ठेवलं होतं."

कुलकर्ण्यांनी करंजी खाली ठेवली. "साळवे, जॉब झाल्यावर ड्रॉइंग काढलं असेल!"

आमच्याकडे यापेक्षा घाण आरोप नव्हता. आधी ड्रॉइंग, मग त्याबरहुकूम घडवलेला जॉब, म्हणजे सुटा भाग, हा कारखान्याचा धर्म. जॉब चुकला म्हणून मागाहून त्याला जुळणारं ड्रॉइंग काढणारा माणूस आमच्या लेखी चोर! साळव्यांचा चेहरा पांढरा पडला.

"साहेब, माझ्या आजोबांनी या शास्त्रापायी घरदार सोडलं. ते खोट्या ड्रॉइंगपायी सोडलं म्हणता?"

"मी एवढंच म्हणतो, की दाखवा."

"दाखवीन. तुमच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देईन. ज्या दिवशी माझ्याकडे उत्तर नसेल, त्या दिवसापासून या टेबलावर बसणार नाही!"

मला असा राग आला! त्यांनी असा शब्द द्यायचाच कशाला? आणि साळवे शब्द पाळणारे, हीच तर पंचाईत होती.

* * *

पुढे एकदा साळवे वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. मृत समुद्राजवळच्या गुहेत, येशूविषयीची भाकितं असलेल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी सापडली होती, आणि जाणकार ती ख्रिस्ताच्याही आधीची ठरवत होते.

"घ्या साहेब. ड्रॉइंग आधीचं. तपासून घ्या."

कुलकर्ण्यांनी दोनदा वाचलं. "मान्य. ड्रॉइंग जुनं आहे."

अण्णा खूश होऊन म्हणाला, "सरी! मुगितु! संपलं! आता जेवा."

"संपलं कुठे?" कुलकर्णी म्हणाले. "उलट आता सुरू झालं. ड्रॉइंग कारागिराच्या हातात होतं! राजा गाढवावर बसून येईल असं लिहिलंय, म्हणून तुमचे येशू गाढवावर बसून आले. त्यात भाकीत कसलं?"

साळवे म्हणाले, "गाढव निवडता येतं साहेब. आपण जन्मायचं कुठे ते निवडता येतं? आपल्याला मारणाऱ्या शिपायांनी आपल्याच कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकाव्यात, हे मरणाऱ्याला ठरवता येतं?"

"त्याला नाही. त्याची गोष्ट मागाहून लिहिणाऱ्याला येतं."

"खोटा रिपोर्ट माणूस बढतीसाठी लिहितो. सुळावर जाण्यासाठी कोण लिहील?"

"माणसं चुकीच्या गोष्टींसाठीही मरतात, साळवे."

"चुकीच्या गोष्टींसाठी मरतात. पण आपणच रचलेल्या गोष्टीसाठी?"

 त्या दिवशी कुणीच पोटभर जेवलं नाही. मी तर ताकसुद्धा अर्धं टाकलं.

* * *

मग बासष्ट सालची अष्टग्रही आली. आठ ग्रह एका राशीत, जग बुडणार! घरोघर होम, जप. मी बायकोच्या आग्रहाखातर खिशात तुळशीचं पान घेऊन कामावर गेलो. साळवे वेळेवर हजर. अण्णा हजर, पण घाबरलेला. "साळवेअण्णा, तुमच्या शास्त्रात आजचं काय लिहिलंय?"

"तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असं लिहिलंय. तो जॉब द्या इकडे."

आणि कुलकर्णी? गैरहजर! जयनगरात नव्या घरी आईनं त्यांना सोवळं नेसवून होमापुढे बसवलं होतं. ही बातमी आमच्या खात्यात ग्रहांपेक्षा वेगानं फिरली.

दुसऱ्या दिवशी जग होतं तिथेच होतं. कुलकर्णी कपाळावर अंगाऱ्याचा पुसट ठिपका घेऊन टेबलावर आले. आम्ही सगळे साळव्यांकडे बघत होतो. एवढ्या वर्षांचं उट्टं काढायची संधी!

साळवे म्हणाले, "साहेब, आईंची तब्येत कशी आहे?"

कुलकर्णी ताडकन म्हणाले, "टोमणा मारायचा असेल तर मारा ना!"

"त्या घाबरल्या असतील म्हणून विचारलं."

कुलकर्ण्यांनी कपाळावरचा अंगारा पुसून टाकला. टोमणा मारला असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

* * *

त्याच वर्षी चीनशी युद्ध पेटलं. कुणीतरी पाहुणा प्रवचनकार गावात आला होता. चीनची चढाई बायबलमधल्या दानीएलाच्या ग्रंथात लिहिली आहे, असं छापलेलं त्याचं पत्रक कुलकर्ण्यांनी टेबलावर आपटलं.

"आमची पोरं तिकडे बर्फात मरताहेत आणि तुमचे लोक त्यावर भाकितं विकताहेत! हेही खरं ठरलं का, साळवे?"

"नाही. हे खोटं आहे."

एवढंच बोलून साळवे उठले. कुलकर्ण्यांना वाटलं, माणूस सापडला कात्रीत. दोन दिवसांनी अण्णानं खरी हकीकत आणली. साळवे प्रवचनात भर सभेत उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "दानीएलात चीन नाही. नसलेलं दाखवाल, तर असलेल्यावर कोण विश्वास ठेवील?" लोक भडकले. रविवारी इंग्रजीतला शास्त्रपाठ वाचायचं काम साळव्यांकडे असायचं, ते काढून घेतलं.

कुलकर्ण्यांनी ऐकलं आणि चष्मा पुसत बसले. "मला सांगायचं तरी होतं," एवढंच म्हणाले.

 चर्चमध्येही साळव्यांसारख्या माणसाशी कुणी धड बोलेना. आता त्याला राहिलं होतं ते आमचं टेबल.

* * *

आणि शेवटचा किस्सा. हा मी सगळीकडे सांगत नाही.

भोक तपासायला आमच्याकडे गो, नो-गो गेज असतं. त्याला दोन टोकं. गो टोक भोकात गेलंच पाहिजे, नो-गो टोक जाता कामा नये. एके दिवशी कुलकर्ण्यांनी खिशातून तसलं गेज काढून साळव्यांपुढे ठेवलं.

"तुमच्या भाकितांना नो-गो टोक कुठलं? काय घडलं तर तुम्ही म्हणाल की हे फेल? तसं काही नसेल तर ते गेज नव्हे, साधा दांडका."

आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून जास्त भीती वाटली. साळवे म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी डबा न उघडता म्हणाले, "हाडं."

"काय?"

"येशूचा देह कुजणार नाही असं स्तोत्रात लिहिलंय, आणि तो मेलेल्यांतून सदेह उठला असं आम्ही मानतो. त्याची हाडं सापडली आणि ती त्याचीच ठरली, तर नो-गो. त्या दिवशी मी चर्च सोडीन."

अण्णा पुटपुटला, "शिव शिवा."  स्वतःच्या श्रद्धेची मान कुणी अशी सुरीखाली देतं?

 "गेज खरं आहे," कुलकर्णी सावकाश म्हणाले. "पण ते हातात कुठे आहे? दोन हजार वर्षांनी कुठली हाडं कुणाची, हे ठरवणार कोण? जे गेज लावताच येत नाही, त्यानं जॉब पास कसा करायचा?"

 साळव्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"याला उत्तर नाही माझ्याकडे," ते म्हणाले. "विश्वास आहे. उत्तर नाही."

न उघडलेला डबा उचलून ते निघून गेले. कुलकर्ण्यांचा हात भातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी साळवे आवारातल्या करंजाच्या झाडाखाली एकटेच डबा घेऊन बसले. खिडकीतून दिसत होते.  शेवटी मी चीफलाच म्हणालो, "झालं समाधान?"

कुलकर्ण्यांनी डब्याचं झाकण लावलं, उठले आणि बाहेर पडले. मी आणि अण्णा डबे घेऊन मागोमाग धावलो.

त्यांना येताना पाहून साळवे गडबडीनं उभे राहिले. "साहेब, मी शब्द दिलाय."

"शब्द टेबलाचा दिला होता. हे झाड आहे. सरका!"

कुलकर्णी धुळीतच मांडी घालून बसले. डबा उघडला, थालीपीठ मोडून अर्धं साळव्यांच्या झाकणात ठेवलं आणि म्हणाले,

"हं. ते हाडांचं पुन्हा सांगा. काल माझं नीट ऐकून झालं नाही."