जमुनानं न मारलेली लाथ

हिवरखेडात कुणाच्या पाठीत उसण भरली की माणूस आधी जमुनाच्या दारात. जमुना पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. पायाळूनं पाठीला हलकी लाथ लावली की उसण उतरते, हे गावाला कुणी शिकवावं लागत नाही. वांगी तोडायला मळ्यात जाण्याआधी ती रोज दोन-चार पाठी निपटायची. फुकट करायची, म्हणून चार शब्द सुनावायचीही.

गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारी करिश्मा डॉक्टर आली. आता ही आपल्यावर डाफरणार, असं जमुनाला वाटलं होतं. पण पोर घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "मावशी, लोक माझ्याआधी तुमच्याकडे येतात. लाथेआधी तीनच गोष्टी विचारा. पायातला जोर गेला का, बसायची जागा बधिर झाली का, लघवी अडली का. एकालाही हो आलं, तर पाय लावू नका. मला फोन करा."

त्या मंगळवारी पुंजारामला खाटेवर घालून आणलं. जमुनाचे चुलत भासरे, नवऱ्याहून वडील. जन्मात त्यांच्यासमोर तिनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. सोबत बायको पार्बताबाई, हातात फुगलेली पिशवी. महिनाभरात चार डॉक्टर झाले होते. चौघांच्या चार चिठ्ठ्या, गोळ्या त्याच, फक्त नावं वेगळी. एकाचं दुसऱ्यानं वाचलं असेल तर शपथ!

"मार ना वं जमुना. एकच लात," पुंजाराम कण्हला.

भासऱ्यांना लघवीचं विचारायचं, तेही अर्ध्या गावासमोर? लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी विचारलं.

"सगळं बरोबर हाय," तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला.

तो खोटं बोलतोय, हे तिला कळलं. तिनं पार्बताबाईला स्वयंपाकघरात ओढलं. "बाई, खरं सांगा."

पार्बताबाईला रडूच फुटलं. "काल दुपारपासून नाही झाली. जांगेत हात लावला तं समजत नाही म्हनते. सांगू नको म्हने कोनाले."

चार डॉक्टरांनी कुठं दुखतं ते विचारलं होतं. हे कुणी विचारलंच नव्हतं.

जमुना बाहेर आली. "मी पाय लावत नाही. आत्ताच्या आत्ता अकोल्याले न्या."

लोक भडकले. कुणी म्हणालं, जमुनाले शिंगं फुटले. पुंजारामनं तर हात जोडले, आणि ते जोडलेले हात पाहून तिचं काळीज तुटलं. क्षणभर वाटलं, लावावी एक, गावाचं तोंड बंद होईल. पण तिनं पाय लुगड्याखाली घट्ट आवळून धरले आणि फोन लावला.

करिश्मानं चारही चिठ्ठ्यांचे फोटो मागवले, स्वतः पुढं पाठवले. त्यामुळं अकोल्यात पुन्हा पहिल्यापासून कुणाला काही सांगावं लागलं नाही. संध्याकाळी ऑपरेशन झालं. दबलेली नस मोकळी केली. आणखी एक दिवस गेला असता तर पायही गेले असते, असं डॉक्टर म्हणाले. हे पार्बताबाईला समजलं, नवऱ्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

दीड महिन्यानं सकाळीच पुंजाराम दारात उभा. तोंड फुगलेलं.

"तवा एक लात मारली असती, तं माह्या पाठीवर चाकू नसता फिरला. काहून नाही मारली तू?"

जमुनानं पदर सावरला. बाहेर ना ऑटो दिसला, ना धरायला कुणी. त्याचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. एवढ्या दुरून तो भांडायला चालत आला होता.