‘बरं हाय, मॅडम’

दिवाळीनंतर माझी झोप उडाली ती एका ‘हजर’मुळे. एरवी शिरूरच्या आमच्या कॉलेजातले किस्से मी रविवारी दौंडहून येणाऱ्या नवऱ्याला सांगते. तो हसतो, मग "तू कशी आहेस?" विचारतो, मी "बरी आहे" म्हणते, की झालं. हा किस्सा मात्र सांगता आला नाही, आणि त्याच्यामागे बाकीचेही साचत गेले.

तर, सुट्टीत एफ.वाय.ची कमल तापाने गेली. कॉलेज उघडलं त्या दिवशी मी सवयीने तिचाही नंबर पुकारला. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "हजर, मॅडम."

न्हावरे गावची शालन! दोघी एका बाकावर बसायच्या, एकीची एसटी चुकली की दुसरी तिची हजेरी लावायची. त्यानंतर शालन हजेरीपुरतंच तोंड उघडायची. डबा आणला तसा परत न्यायची, कमलच्या जागेवर कुणाला बसू द्यायची नाही. ही पोरगी हातची जाणार, या धास्तीने मी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले.

ते म्हणाले, "सिलॅबस कुठवर आलाय?"

त्याच आठवड्यात चाचणी चालू असताना दत्तू थरथर कापायला लागला. आमचे शिपाई आप्पा धावत आले आणि फिट आली समजून त्यांनी थेट चप्पल त्याच्या नाकाला लावली! दत्तू म्हणजे तालमीतला गडी. चप्पल बाजूला सारून म्हणाला, "आप्पा, फिट न्हाई. भ्या वाटतंय."

आप्पा चप्पल हातात धरून तसेच उभे. एवढ्या मोठ्या गड्याला भ्या वाटतं, आणि तो ते बोलतो!

मला वाटलं, पोरं बोलतील, आपणच विचारत नाही. फर्मान काढलं: आजपासून ‘हजर’ म्हणायचं नाही, कसं वाटतंय ते सांगायचं. पहिला म्हणाला, "बरं हाय." दुसरा, "बरं हाय." टोपी घातलेला एकजण, तोही "बरं हाय, मॅडम." वर्गात टोपी कशाला, म्हणून काढायला लावली, तर डोक्याचा गोटा! वडील गेले होते.

"अरे, मग बरं कसं?"

"तुम्ही इचारलं. दुसरं काय म्हणायचं?"

मग मी खिडकीजवळचा बाक राखून ठेवला. ज्याचं मन ठिकाणावर नाही त्याने तिथे बसावं, त्याला प्रश्न विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग त्या एका बाकावर! दारात प्रिन्सिपॉलसाहेब. शालन तेवढी आपल्या जागी, शेजार मोकळाच.

आणि मग तो दिवस. माझ्या मिनूला सांभाळणाऱ्या मावशी कुरकुंभला लेकीकडे गेल्या, म्हणून चार वर्षांच्या पोरीला वर्गात आणावं लागलं. मागे जाऊन बस म्हटलं, तर ही सरळ कमलच्या जागेवर!

सगळा वर्ग मागे वळला. शालन हलली नाही. मी घाईघाईने हजेरी सुरू केली. शालनचा नंबर आला.

"बरं हाय, मॅडम."

मिनू तिच्या तोंडाकडे बघत होती. "मग रडतेस का?"

शालनने पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "न्हाई गं बाय. न्हाई बरं."

आता मी काहीतरी बोलायला हवं होतं. एवढी शिकलेली मी, पुढचा नंबर शोधायला लागले. मिनू शालनला खेटून बसली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली,

"आता आईला विचार."