तिसऱ्या सिलिंडरचा काटा

चोपन्न वर्षांच्या बाईला सगळं घर अजून 'छोटी' म्हणायचं, कारण थोरल्या भावाने ठेवलेलं नाव बदलायची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं तिनं टेलिफोनच्या केबली जोडल्या होत्या. खड्ड्यात उतरायचं, गुडघाभर चिखलात उभं राहून शेकडो बारीक तारा एकीला एक लावायच्या, आणि वर एकाचा फोन दुसऱ्याला लागता कामा नये. त्यामुळे "जोड ढिला असेल" असं कुणी म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि दादा नेमका तेच म्हणाला.

दादा बसच्या डेपोतून निवृत्त झालेला फिटर, आणि उड्डाण क्लबात विमान चालवायला शिकलेला. त्याच्या घरामागच्या शेडमध्ये दोघं भावंडं सहा वर्षं खपून दोन माणसांचं विमान बांधत होती. सांगाडा, पत्रे आणि इंजिन दादाकडे. झाडून सगळ्या तारा छोटीकडे. इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकाला ताप मोजणारा एकेक सेन्सर, आणि वैमानिकासमोरच्या फळीवर चार काटे. त्या सकाळी विमान खुंटाला बांधून इंजिन चालवलं, तर पहिला, दुसरा आणि चौथा काटा एकशे सत्तरच्या आसपास थांबले. तिसरा सरळ अडीचशेच्या लाल पट्ट्यात जाऊन बसला.

"जोड ढिला असेल तुझा," इंजिन बंद करत दादा म्हणाला. "तिसरा सिलिंडर मी स्वतः बसवलाय."

"म्हणजे तू बसवलेलं चोख, आणि मी जोडलेलं ढिसाळ?"

"तसं नाही गं..."

"तसंच!"

तिनं पाना उचलला. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे सेन्सर तिनं आपसात बदलले. तरी तिसराच काटा लाल. म्हणजे सेन्सर निर्दोष. मग फळीमागे हात घालून त्या दोन काट्यांच्या तारा आपसात बदलल्या. आता लाल झाला पहिला काटा. म्हणजे काटाही निर्दोष. उरली तार. तारा पुन्हा जागच्या जागी लावून तिनं वहिनीकडून पातेलं मागून आणलं, शेगडीवर पाणी उकळलं आणि तिसरा सेन्सर तारेसकट त्यात बुडवला. काटा बरोब्बर शंभरावर.

"काटा खरं बोलतोय, दादा. तुझा सिलिंडरच तापतोय. इंजिन बघ."

पोटच्या पोरीला कुणी नावं ठेवावीत तसा दादाचा चेहरा झाला. "बघतो," तो म्हणाला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "झालं दुरुस्त! ये, तुला शेजारी बसवून पहिली फेरी मारतो."

छोटी धावत गेली. इंजिन सुरू झालं, चारही काटे शहाण्यासारखे एकशे सत्तरवर. तिला बरं वाटलं, पण नजर हटेना. दादानं वेग वाढवला. पहिला काटा दोन रेघा चढला, तिसराही दोनच. पहिला जरा थरथरला, त्याच क्षणी तिसराही. दोन सिलिंडर इतके एका सुरात कधी चालत नाहीत.

"बंद कर."

"काय झालं?"

"बंद कर म्हणते ना!"

फळीमागे तिसऱ्याची तार तोडून चिकटपट्टीत गुंडाळलेली होती, आणि पहिल्या काट्यावरून तारेचा एक तुकडा तिसऱ्याला जोडलेला होता. दोन्ही काटे पहिल्याच सिलिंडरचा ताप सांगत होते. जोड दादाच्या हातचा होता. असला गबाळा जोड घरात दुसरं कुणी करत नव्हतं.

दादा खाली बघत म्हणाला, "महिनाअखेरीस माझा उड्डाणाचा वैद्यकीय दाखला संपतोय. डोळ्यांचे डॉक्टर परत देणार नाहीत. सहा वर्षं, छोटे! दहा मिनिटं तरी वर जायचं होतं. तेवढं टिकलं असतं इंजिन."

"आणि नसतं टिकलं तर? शेजारी कोण बसणार होतं?"

दारात उभी असलेली वहिनी म्हणाली, "वन्सं, चार दिवस मी समोर बसून जेवले यांच्या. चेहऱ्यावर रेघ हलली नाही."

एरवी छोटी ओरडली असती. त्या दिवशी तिनं सिलिंडरामागे दोन असे इंजिनाचे आठही ठिणगीचे प्लग एकेक करून काढले, पिशवीत टाकले आणि चालती झाली.

दोन दिवस ती आपल्या घरात भांडी आपटत राहिली. तिसऱ्या दिवशी रागानंच तिला परत शेडमध्ये आणलं. बॅटरी घेऊन ती इंजिनाखाली आडवी झाली. सिलिंडरांभोवती वारा खेळावा म्हणून पत्रे वळवून बसवलेले असतात. तिसऱ्यामागचा पत्रा उलटा लागला होता. चार बोटं फट, आणि सगळा वारा तिथूनच बाहेर.

दादा वाकून बघत राहिला. "उलटा बसलाय," तो पुटपुटला. "माझाच हात."

पत्रा सुलटा करायला अर्धा तास लागला. तेव्हा मात्र छोटीचा बांध फुटला.

"अर्ध्या तासाचं काम! चार दिवस मला फसवण्यात घालवलेस, आणि अर्धा तास वाकून बघवलं नाही? माझ्या जिवापेक्षा तुझी मिजास मोठी?"

"चुकलो," दादा म्हणाला. उभ्या जन्मात तिनं त्याच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला. तरी राग तसूभरही हलला नाही.

तोडलेली तार तिनं पुन्हा जोडली आणि प्लग एका अटीवर परत दिले: आधी क्लबचे उड्डाणशिक्षक एकटे उडवणार. त्यांनी उडवलं, चारही काटे सरळ राहिले. दाखल्याचे दोन दिवस उरले असताना दादा त्यांच्यासोबत वर गेला आणि डोळे पुसत उतरला.

"चल ना, अजून उद्याचा दिवस आहे. तुला फिरवतो."

"नाही."

"इतका राग?"

"हो."

दाखला संपला. महिन्याभरानं छोटी शिक्षकांबरोबर वर गेली. दादा खाली गवतात उभा होता. ती उतरल्यावर त्यानं भीतभीत विचारलं, "कसं वाटलं?"

"छान. तुझ्याबरोबर गेले असते तर जास्त छान वाटलं असतं," ती म्हणाली. आवाज अजून कडकच होता. मग तिनं इंजिनाचं झाकण उघडलं आणि त्याला बॅटरी धरायला सांगितलं.