तीन इंचही कापणार नाही

आबांची उंची पाच फूट साडेदहा इंच. मी स्वतः भिंतीला उभं करून मोजलेली. गावाकडच्या शेतातला कडुनिंब वादळात पडला, तेव्हा धरणगावच्या वखारीत त्याच्या फळ्या काढून घेतल्या. त्यातल्या दोनच फळ्या गाठीशिवाय निघाल्या, आणि त्यांची लांबी भरली सहा फूट एक इंच. म्हणजे माझ्या वडिलांपेक्षा अडीच इंच जास्त. त्या दोन फळ्या शेजारी शेजारी जोडून जळगावच्या घरी बंगई करायची, असं मी ठरवलं. झोपाळ्याला आमच्याकडे बंगई म्हणतात. आबा शहरात राहायला आले ते एका अटीवर, की दुपारी पाठ टेकायला बंगई पाहिजे आणि पाय लांब करता आले पाहिजेत. बाजारात मिळणाऱ्या बंगया पाच फुटांच्या. त्यांवर पाय दुमडून झोपावं लागतं, आणि आबांचा उजवा गुडघा गेली सहा वर्षं धड दुमडत नाही.

चौदा महिने फळ्या सावलीत सुकवल्या. मग धुळ्याच्या एका दुकानातून फळीची जाडी सारखी करणारं रंधा मशीन आणलं. यात फळी एका बाजूने आत सरकवायची. दोन रोलर तिला ओढतात, मधलं पातं वरून सालपट काढतं आणि फळी दुसऱ्या बाजूने गुळगुळीत बाहेर येते. फळी लांब असेल तर तिला टेकायला दोन्हीकडे आधार लागतो, म्हणून मी प्लायवुडचे तीन-तीन फुटांचे दोन पाट बसवले. पाणसळ ठेवून, काचेतला बुडबुडा बरोबर दोन रेघांच्या मध्ये आणून ते पक्के केले. माझं नोकरीतलं काम दुसऱ्यांनी घेतलेली मापं तपासण्याचं आहे. त्यामुळे माझ्या घरी अंदाजपंचे काही होत नाही, असा माझा समज होता.

निंबाच्या फळीला हात लावण्याआधी खोक्याच्या लाकडाची चार फुटी फळी घालून पाहिली. मधल्या भागात जाडी बावीस मिलिमीटर. आत जाताना पुढे असलेल्या टोकाला, शेवटच्या तीन इंचांत, एकवीस पूर्णांक दोन. पातं तिथे आठ दशांश मिलिमीटर जास्त खाऊन गेलं होतं. बोट फिरवलं की पायरी लागायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या मिस्तरींचं सुतारकामाचं दुकान आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी फळी घेऊन गेलो. त्यांनी नख फिरवलं आणि हसले.

"चावा घेतला म्हणा की मशीनने. घेतेच ती. आत जाताना नाहीतर बाहेर येताना."

"मग यावर उपाय?"

"सहा फुटी फळी पाहिजे तर सात फुटी लाकूड घ्यायचं. दोन्हीकडून कापून टाकायचं. बस. चाळीस साल हेच करतोय, भाऊ."

"माझ्याकडे सात फुटी लाकूड नाही, चाचा. आहे त्यातच आबांना पाय लांब करून झोपता आलं पाहिजे."

"मग अब्बांना जरा आखूड करा," चाचा म्हणाले, आणि त्यांच्या दुकानात बसलेले दोघे खो खो हसले.

घरी येऊन मी हे सांगायला नको होतं. आबा खाटेवर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"तीन इंच कापानं व्हई तं मना पाय बी तीन इंच काप. हिशोब बरोबर बसी जाई."

मी हिशोब खरंच केला होता. एका टोकाचे तीन इंच कापले तरी फळी आबांपेक्षा अर्ध्या इंचाने आखूड. शिवाय बंगईच्या साखळ्या ज्या लोखंडी पट्ट्यांना लागतात, त्या पट्ट्या नेमक्या टोकालाच बसतात. टोक पातळ ठेवून चालणार नव्हतं आणि कापूनही चालणार नव्हतं. हाताच्या रंध्याने साऱ्या फळीची जाडी टोकाइतकी उतरवा, असंही एकाने सुचवलं. मशीनने चुकायचं आणि मी बारा दिवस ते निस्तरत बसायचं, हे मला मान्य नव्हतं.

एका रविवारी ती खोक्याची फळी वर्तमानपत्रात गुंडाळून मी एसटीने धुळ्याला गेलो. दुकानदाराने चहा मागवला.

"साहेब, हा मशीनचा स्वभाव आहे. सगळ्याच मशीनचा असतो."

"स्वभाव माणसाला असतो. मशीनला मापं असतात. आठ दशांश कुठून आले ते सांगा."

"आता इतकं बारीक कोण बघतं?"

"मी बघतो."

त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी चहा घेतला नाही. तो राग नव्हता. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचा चहा पिऊन गप्प बसलं, की आपण अर्धं कबूल केल्यासारखं होतं.

त्यानंतर तीन आठवडे मी वहीत नोंदी ठेवल्या. पाती नवीन बसवली. चावा आठ दशांश. रोलरचे स्प्रिंग घट्ट केले, सात दशांश. एका वेळी दीडऐवजी अर्धाच मिलिमीटर काढला, सहा दशांश. दोन फळ्या एकीमागे एक चिकटून सोडल्या. पहिलीला चावा, दुसरीला जवळजवळ नाही. पण निंबापुढे लावायला खोक्याच्या फळ्या पातळ पडत होत्या, निंबाच्या माझ्या फळ्या दोनच होत्या, आणि पहिलीचा बळी देऊन दुसरी वाचवण्यात काही अर्थ नव्हता.

उन्हाळ्याचे दिवस होते. अंगणात खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेले. मशीनचा भुसा उडून त्यांवर बसला. बायको बाहेर आली, एक बिबडं उचलून माझ्यासमोर धरलं.

"अहो, हे कोण खाणार? वाळवी?"

"वारा फिरला त्याला मी काय करू?"

"वारा फिरला ना? मग तुम्हीही फिरवा मशीन. तोंड रस्त्याकडे करा, नाहीतर मी वायरच काढून ठेवते."

मशीन आणि दोन्ही पाट जागच्या जागी उलटे फिरवले. पाट पुन्हा पाणसळीने तपासून घेतले. फळी सोडली. पुढचं टोक साफ. बावीसच्या बावीस. मला वाटलं जिंकलो. मग मागचं टोक मोजलं. एकवीस पूर्णांक दोन.

चावा गेला नव्हता. त्याने जागा बदलली होती. आधी आत जाताना, आता बाहेर येताना. पाती तीच, रोलर तेच, फळी तीच. बदलली होती फक्त दिशा. मशीनमध्येच दोष असता तर तो मशीनबरोबर फिरला असता आणि पुढच्याच टोकाला राहिला असता. तो फिरला नाही. म्हणजे दोष अशा कशात तरी होता, जे मी फिरवलंच नव्हतं. मी वहीत एवढं लिहिलं आणि खाली प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको अंगण धूत होती. बादलीभर पाणी तिने फेकलं, आणि ते मशीनच्या पायांमधून, एका पाटाखालून दुसऱ्या पाटाखाली, सरळ मोरीकडे पळालं. मी ब्रश तोंडात धरून बघत राहिलो. अंगणाला मोरीकडे उतार आहे. तो मीच करून घेतला होता. घर बांधताना गवंड्याने फरशी सपाट घातली, तेव्हा मी ती उखडायला लावली होती, आणि मीटरला अर्धा सेंटिमीटर उतार पडेपर्यंत त्याला सोडलं नव्हतं.

मशीन त्या उतारावर उभं होतं, म्हणजे फळी ज्यावरून सरकते तो आतला लोखंडी बेडही तेवढाच उतरता. पण दोन्ही पाट मी पाणसळीने केले होते. ते जमिनीशी नाही, आभाळाशी सपाट होते. बेडची रेघ पुढे वाढवली तर उताराच्या वरच्या अंगाच्या पाटाचं टोक तिच्याखाली साडेचार मिलिमीटर लटकलेलं होतं. फळीचा भार त्या पाटावर खाली दबायचा आणि दुसरं टोक वर उचलून पात्याला भिडायचं. त्या अंगाने फळी आधी आत जायची, मशीन फिरवल्यावर बाहेर यायची. पाणसळ मी दोन्ही पाटांवर दहादा ठेवली, बेडवर एकदाही ठेवली नाही. कारखान्यातून आलेलं लोखंड तपासायचं नसतं, असं मी कधी ठरवलं ते मला आठवत नाही. दुसऱ्यांची मापं तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली.

पाणसळ मी कपाटात ठेवून दिली. सहा फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आणली, बेडवर लांबीने टेकवली आणि एकेक करून दोन्ही पाट त्या पट्टीला लावून घेतले. बाहेरची टोकं पोस्टकार्डाच्या जाडीइतकी वर ठेवली, म्हणजे फळीच्या वजनाने पाट किंचित दबला तरी हरकत नाही. अंगणाचा उतार तसाच राहिला. खोक्याच्या सहा फळ्या सोडल्या. टोकाला जास्तीत जास्त फरक पाच शतांश मिलिमीटर. नखाला लागत नाही.

मग निंब. पहिली फळी आत गेली तेव्हा आबा दारात उभे होते.

"कडू वास ये शे," ते म्हणाले.

दोन्ही फळ्या बत्तीस मिलिमीटरवर आणल्या, टोकापासून टोकापर्यंत. जोडल्या, पट्ट्या ठोकल्या. चाचांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी एका टोकाला नख फिरवलं, मग दुसऱ्या टोकाला, मग पुन्हा पहिल्या.

"कापलं किती?"

"काहीच नाही."

"खोटं."

मी टेप त्यांच्या हातात दिली. त्यांनी मोजलं. सहा फूट एक इंच.

"एखाद्या वेळी जमतं, भाऊ," चाचा म्हणाले. "मी तर कापतच राहणार."

"कापा," मी म्हटलं. "पण मशीन चावतेच, असं यापुढे मला सांगू नका."

दुपारी आबा बंगईवर आडवे झाले. आधी डावा पाय लांब केला, मग दोन्ही हातांनी धरून उजवा. टाचा फळीच्या आत होत्या. मी वाकून मोजलं. टाचेपासून काठापर्यंत सव्वा इंच, डोक्याकडेही सव्वा.

"मोजी लिधं का?" आबांनी डोळे मिटूनच विचारलं. "मंग आते झोका दे."