प्रमोदची नवी चेनसॉ आणि माझी पोटदुखी

गेल्या रविवारी आमच्या कामठा गावात नवीकोरी चेनसॉ आली... आणि ती माझ्या घरी आली नाही. सगळं इथूनच बिघडलं.

आली प्रमोदच्या घरी. प्रमोद म्हणजे माझा वर्गमित्र, दोन घरं सोडून राहतो. राइस मिलमधली नोकरी सोडून आता लाकूड कापायची कामं घेणार म्हणे... म्हणजे जे मी करणार होतो, तेच.

खोटं कशाला बोलू? जळलो. केशरी रंगाची मशीन, वरचं प्लास्टिकही अजून न काढलेलं... बघूनच पोटात दुखायला लागलं. घरी येऊन बायकोला म्हटलं, याला दुसरा धंदा सापडला नाही का? ती भाजी चिरता चिरता म्हणाली की तुमची खाटेखाली पडून आहे, त्याची तरी चालू द्या.

हो, माझीही होती. तीन वर्षांपूर्वी घेतलेली, आता पोत्यात गुंडाळून खाटेखाली. दुकानदारानं डुप्लिकेट माल गळ्यात मारला, असं मी गावभर सांगितलं होतं.

खरं काय ते फक्त बायकोला माहीत. आमच्याकडे नवीन मशीन आली की हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि लगेच पहिला काप घेऊन बोहनी करायची... तीही चांगल्या जाडजूड लाकडावर, सगळ्यांसमोर. बारीक लाकडानं बोहनी केली तर धंदा बारीकच राहतो म्हणतात.

माझ्या बोहनीला लोकांनी चढवलं आणि मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलनं धूर होतो म्हणून ते नावापुरतंच टाकलं, फुल रेस दिली आणि मशीन घुसवली बाभळीच्या बुंध्यात. नवी चेन सैल पडत होती, तिच्याकडेही बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत इंजिन सीज, आतून पार जाम.

तर त्याच रविवारी सकाळी प्रमोद माझ्या दारात. हातात मशीनसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक. तुला अनुभव आहे, पहिल्या दिवशी कशी चालवायची ते सांग, म्हणाला.

आली का पंचाईत! खरं सांगावं तर तीन वर्षांचं खोटं उघडं पडणार. मी आपलं गुळमुळीत उत्तर दिलं... पुस्तकात असेल सगळं, बघ.

पण बघायला मात्र गेलो. जळणारा माणूस घरी कुठला बसतोय?

त्याच्या अंगणात गर्दी जमलेली. वाऱ्यानं पडलेल्या बाभळीचा बुंधा मधोमध आणून ठेवलेला. आमचे लिखीराम काका खुर्ची टाकून बसले होते आणि होऊ दे दणक्यात बोहनी, असं सारखं म्हणत होते. माझ्या वेळीही तेच म्हणत होते.

प्रमोदनं चेनचं ऑइल त्याच्या जागी नीट भरलं. मग टाकीत पेट्रोल ओतलं. माझी नजर गेली ती बाजूच्या छोट्या बाटलीवर... पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलची. तिचं सील तसंच्या तसं होतं.

बाइकमध्ये टाकतो तसं नुसतं पेट्रोल टाकलं होतं त्यानं. चेनमध्ये ऑइल घातलं म्हणजे ऑइलचं काम संपलं, असं वाटलं असणार.

सांगायला लाज वाटते... पण त्या क्षणी मला बरं वाटलं. होऊ दे याचीही जाम. मग गावात मी एकटा येडा ठरणार नाही.

त्यानं दोरी ओढली. मशीन सुरू झाली नाही. दुसऱ्यांदा ओढली, फुरफुरली आणि बंद पडली. त्याची बायको पूजेचं ताट धरून उभी होती. प्रमोदनं नोकरी सोडल्यापासून तिचा चेहरा उतरलेलाच असायचा... त्या दिवशी ती मशीनला हात जोडून उभी होती.

तिसऱ्यांदा त्यानं दोरी धरली आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "थांब बे प्रमोद. माझी मशीन दुकानदारानं नाही, मीच मारली. तू बी तेच करून राहिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांनी तर चष्मा काढून बघितलं. आता बोललोच होतो, तर सगळं सांगून टाकलं. टाकी रिकामी करायला लावली, माप घेऊन ऑइल मिसळलं. पहिल्या तीन-चार टाक्या फक्त बारीक लाकूड, मध्ये मध्ये मशीनला विश्रांती, आणि चेन थंड झाली की दरवेळी ताणून घ्यायची.

बारीक लाकूड ऐकलं आणि गर्दी पांगली. काका खुर्ची उचलून निघाले. ही काय बोहनी झाली का, म्हणत गेले.

मग दुपारभर आम्ही दोघंच मनगटाएवढ्या फांद्या कापत बसलो. चेन ताणता ताणता मी म्हटलं, दुकानदाराचं नाव उगाच खराब केलं रे मी. प्रमोद हसायला लागला.

"मले पहिल्यापासूनच मालूम होतं," तो म्हणाला. "तू भाजीवाल्याशी दोन मिरच्यांसाठी भांडतं. त्या दुकानदाराशी भांडाले एकदा बी गेला नाही. म्हणून तर तुलेच विचाराले आलो... ज्याची मेली, त्यालेच मालूम राहते."

मी पाना उचलून पुन्हा चेन ताणायला लागलो.

सोमवारी मी गोंदियाला गेलो आणि त्या दुकानदाराला सगळं सांगून माफी मागितली. त्यानं चहा पाजला, वर म्हणाला, मशीन घेऊन या, बघू काय होतं ते. घरी येऊन मी पोत्यावरची धूळ झटकून ठेवली आहे.

जळणं गेलं का? छे. आताही प्रमोदची मशीन शेताच्या धुऱ्यावर चालू आहे, इथपर्यंत ऐकू येते आणि पोटात दुखतं... पण कान तिकडेच लागलेला असतो. आवाज बंद झाला की मी मनात मोजतो... थंड होऊ दे... आता ताण चेन. आणि तो ताणतच असणार. पुन्हा सुरू झाली की मगच मी जेवायला बसतो.